क्यूटीतला 'सगळे निवडा' चेकबॉक्स

आज दिवसभर क्यूटीचा (खिडक्या, बटणं बनवायची सी++ लायब्ररी) चेकबॉक्स. वर 'सगळे निवडा', खाली पर्यायांची यादी. क्यूचेकबॉक्सच्या अवस्था तीन: 0 रिकामा, 1 अर्धवट, 2 टिक केलेला. खालचे सगळे नाही, फक्त काही पर्याय निवडलेले असतील तर वरच्याला आपण कोडमधून 1 देतो. त्याच क्षणी ट्रायस्टेट (क्लिकगणिक तिन्ही अवस्था फिरवणारी सोय) आपोआप चालू होतं आणि पुढे 0 किंवा 2 दिला तरी बंद होत नाही. मग रिकाम्या चौकटीवर क्लिक करणाऱ्याला पूर्ण टिकऐवजी अर्धवट खूण दिसते. वापरणारा वैतागतो, आणि त्याचं बरोबरच आहे. सबक्लास करून 'नेक्स्टचेकस्टेट' (क्लिकनंतरची अवस्था ठरवणारं फंक्शन) स्वतः लिहा: 2 असेल तर 0, नाहीतर 2.

टिक आहे का हे सांगणाऱ्या 'इजचेक्ड'वर विसंबू नका, अर्धवट असतानाही ते ट्रू देतं. 'चेकस्टेट' विचारा, ते तिन्हींपैकी नेमकी अवस्था सांगतं.

वरच्याला 'क्लिक्ड' सिग्नल (क्लिक झाल्याचा निरोप) जोडा, 'टॉगल्ड' (टिक बदलल्याचा निरोप) नको. कोडमधून अवस्था बदलली तर 'क्लिक्ड' सुटत नाही. तरी एक खाच उरतेच. सगळ्या पर्यायांवर टिक करणाऱ्या लूपमध्ये पहिल्या पर्यायावर टिक झाली की त्याच्या 'टॉगल्ड'ला जोडलेला कोड वरच्याला लगेच अर्धवट करतो, आणि पुढच्या फेरीत तुम्ही वरच्याची बदललेली अवस्था वाचता. म्हणून अवस्था लूपआधीच व्हेरिएबलमध्ये घ्या आणि प्रत्येक पर्यायावर 'क्यूसिग्नलब्लॉकर' (सिग्नल तात्पुरते अडवणारा क्लास) लावा. सिग्नल अडवले तरी टिक पडद्यावर नीट उमटते.