खाकी पाकीट

शनिवार होता. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या एक्स-रे सेंटरवर सकाळपासून मान वर करायला फुरसत नव्हती. दोनच्या सुमारास दिंडोरीकडची एक तरुण सून, नवरा आणि सासू आले. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, नुसतं खाकी पाकीट. आत दीड महिन्यापूर्वी दुसरीकडे काढलेला छातीचा एक्स-रे. खोकला हटत नव्हता म्हणून काढलेला. दिवस गेल्याचं तेव्हा तिलाच ठाऊक नव्हतं आणि पाळीची तारीख कुणी विचारली नव्हती. आता तिसरा लागला होता.

"पोर अधू निपजंल, पाडून टाका म्हणत्यात," सासू म्हणाली. "सोमवारी बोलावलंय."

सून गप्प. नखानं पाकिटाचा कोपरा सोलत होती. मांडीवर कागदाचा भुगा साचला होता.

मी फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावली. मला एवढंच बघायचं होतं, किरणांची चौकट कुठे संपते. बरगड्यांच्या खालीच संपली होती. गर्भाशय त्याच्या बरंच खाली. तिथवर पोचले असतील ते आईच्या शरीरातून विखुरलेले चार किरण.

फिल्म घेऊन मी तिघांना आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खुर्च्या ओढून बसवलं आणि आकडे सांगितले, मिलीग्रेमध्ये, म्हणजे अंगात किती किरण शोषले गेले त्याच्या मापात. छातीच्या एक्स-रेत गर्भाला मिळणारा डोस 0.01 मिलीग्रेहूनही कमी. व्यंगाची काळजी करायची ती 100 मिलीग्रेच्या पुढे, म्हणजे असे 10,000 एक्स-रे काढल्यावर. ओटीपोटाचा सीटी झाला असता तर गोष्ट वेगळी, तिथे सरासरी 25 मिलीग्रे जातात. पण तेवढ्यासाठीही कुणी गर्भ पाडायला सांगू नये. जमिनीतून, आकाशातून, आईच्या अंगातल्या पोटॅशियममधून नऊ महिन्यांत बाळाला त्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरण मिळतात. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं 'पाडून टाका' म्हणावं, याचा मला अजून राग येतो.

नवऱ्यानं विचारलं, "अंगात काही राहिलं तर नसंल?"

"बटण सोडलं की संपलं," मी म्हटलं. " दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का?"

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट करून म्हणाली, "हे काय?"

टीएलडी बॅज. दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, अंगावर किती किरण पडले ते त्यातून कळतं. "माझी मुलगी पोटात होती तेव्हाही मी ह्याच खोलीत काम केलं," मी म्हटलं. "काचेमागं उभी राहून, हा बॅज लावून. कॉलेजात आहे आता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदरानं मांडीवरचा भुगा गोळा केला.

डॉक्टरांनी सोमवारसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली, वर आपला फोन नंबर टाकला. निघताना सासू थबकली.

"हा फोटू घरात ठेवला तर चालंल ना, बाई? पोटुशीजवळ?"

"चालेल की. साधा फोटोच आहे. जपून ठेवा, पुढं खोकल्यासाठी लागेल."

तिनं मान डोलावली. पण पाकीट सुनेच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या पिशवीत तळाशी ठेवलं.