दार बाहेर उघडतं!

आज दिवसभरात जेमतेम चार ओळी झाल्या, त्यातल्या तीन खोडल्या. माझ्या कथेतल्या साक्षीदाराला चाळीतल्या खोलीत लपवायचंय. दहा बाय बाराच्या खोलीत तो लपणार कुठे, कपाळ?

वैतागून ‘डबल इन्डेम्निटी’ हा सिनेमा लावला. १९४४ चा, बिली वाइल्डरचा. कितव्यांदा ते विचारू नका, घरच्यांनी मोजणं सोडलंय.

आणि आलाच तो प्रसंग. नेफ विमा एजंट, त्याने फिलिसच्या साथीने तिच्या नवऱ्याचा खून केलाय; कीज त्याच कंपनीतला, या प्रकरणाचा माग काढणारा. तर कीज नेफच्या फ्लॅटमधून निघालाय, फिलिस नेमकी तेव्हाच पोचलीय. नेफ दार उघडं धरून कीजशी बोलत राहतो आणि ती त्याच दारामागे अंग चोरून उभी! म्हणजे फ्लॅटचं दार बाहेर, कॉरिडॉरमध्ये उघडतं. असं दार कुणाच्या घराला असतं हो? पण इतकी वर्षं मला खटकलं नव्हतं. पोटात गोळा आलेला असताना बिजागऱ्या कोण बघतो! (नेफ अविवाहित, तरी ते काम करणाऱ्या फ्रेड मॅकमरेच्या बोटात लग्नाची अंगठी दिसते. तीही खपून गेली.)

मी मात्र चार दिवस खोलीचा नकाशा काढून फूटपट्टीने इंच मोजतेय.

साडेअकराला कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. कागदावरचं. साक्षीदार मावला. आता चहा.