दोन पथके, एक डेक

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसे थोडीच आहेत. तरीही गेल्या पावसाळ्यात दिवसभर कपाशीची डवरणी करून रात्री मी विमानवाहू जहाजावर उतरण्याचा सराव करीत असे. डीसीएस या संगणकावरील विमान उडवण्याच्या सिम्युलेटरवर आमचे सात जणांचे पथक एफ/ए-१८सी हॉर्नेट हे अमेरिकी नौदलाचे लढाऊ विमान उडवीत असे, तर पुण्या-नाशिककडील दुसरे पथक सुखोई-३३ या रशियन विमानावर शिकलेले होते. वैमानिक, उतरू पाहणाऱ्या विमानांची हवेत रांग लावणारा मार्शल आणि उतरताना मार्गदर्शन करणारा एलएसओ ही सारी कामे वाटून घेण्यास दोघांकडेही माणसे पुरत नव्हती, म्हणून हॉर्नेटवर एकत्र येण्याचे ठरले.

पहिला तंटा विमानांवर घालायच्या क्रमांकांवरून झाला. अमेरिकी नौदलात जहाजावरील पहिल्या पथकाला १००, दुसऱ्याला २०० अशी मालिका मिळते, आणि १०० सोडण्यास कोणी तयार नव्हते. लग्नात मानपानावरून व्याही रुसावेत तसे आठ दिवस गेले. अखेर त्यांच्यातील एका दादांनी दाखवून दिले की टॉमकॅट या जुन्या लढाऊ विमानाच्या काळात १०० व २०० या मालिका त्या विमानांकडे असत आणि हॉर्नेटकडे ३०० व ४००. मग आम्ही ३०० घेतले, त्यांनी ४००.

खरी अडचण मोजमापांची निघाली. सुखोईची उपकरणे मीटर आणि किलोग्रॅममध्ये असतात. उतरताना डेकवरील, योग्य उंची दाखवणाऱ्या लेन्सचा दिवा (‘बॉल’) दिसताच वैमानिकाने क्रमांक, विमान, ‘बॉल’ हा शब्द आणि उरलेले इंधन हजार पौंडांत सांगायचे असते. त्यांच्यापैकी एकाने ४,४०० पौंड असताना सवयीने किलो करून ‘२.०’ सांगितले, आणि एलएसओ म्हणून मी ते हजार पौंडच समजून, घाबरून बाकीची विमाने वर थांबवली. त्यानंतर पौंड आणि फूट याखेरीज दुसरे माप रेडिओवर उच्चारायचे नाही, असे ठरले. उड्डाणाचीही सवय मोडावी लागली. आपल्या विक्रांतप्रमाणे रशियन जहाजावरही उंचावत गेलेल्या टोकावरून झेप घेतात, पण कॅटापल्टवरून, म्हणजे विमान वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्रावरून, सुटताना हॉर्नेटच्या वैमानिकाने विमान वळवण्याच्या स्टिकला हातच लावायचा नसतो.

गावची लाईन केव्हा जाईल याचा नेम नसल्याने, संपर्क तुटलेल्याने पुन्हा आल्यावर हवेतील रांगेत न घुसता डेकवरूनच सुरुवात करावी, हा नियम माझ्यासाठीच झाला असे म्हणता येईल.

रात्री उतरण्याच्या ‘केस-३’ पद्धतीत पहिले विमान ६,००० फुटांवर, जहाजापासून २१ सागरी मैलांवर घिरट्या घालते. पुढचे प्रत्येक विमान हजार फूट उंच आणि एक मैल मागे, आणि खाली येण्यात एकेका मिनिटाचे अंतर. ऑक्टोबरातल्या पहिल्या एकत्रित रात्री आठ विमाने अशी रचली गेली. सातजण नीट उतरले. माझ्या विमानाचा शेपटीखालचा हूक, विमान थांबवण्यासाठी डेकवर आडव्या ताणलेल्या चारही तारा चुकवून गेला; डेकला टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे करण्याची शिस्त असल्याने पुन्हा हवेत जाता आले, आणि दुसऱ्या फेरीत, जी पकडायची असते त्या तिसरीऐवजी चौथी तार मिळाली. एलएसओ असलेल्या दादांच्या वहीत माझ्या नावापुढे ‘उंच, उशिरा’ असा शेरा आहे.