काठाला तीन मिनिटं थांबायची परवानगी

मी ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल पोहते. मराठवाड्यात तलाव मोजके आणि बॅच ठासून भरलेल्या, त्यामुळे इथे स्प्रिंटची, म्हणजे कमी अंतराच्या वेगवान शर्यतींची, तयारी करणाऱ्याला सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते विश्रांतीसाठी. आमच्या तलावाच्या ऑफिसात मी त्यासाठी जे हेलपाटे घातले, ते आठवले की अजून डोकं तापतं. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली तर निदान वाट माहीत असावी, म्हणून लिहितेय.

आधी हिशोब सांगते. आमच्या सरांचा मुख्य सेट असा: २५ मीटर पूर्ण जोरात, आठ वेळा, दर तीन मिनिटांनी एक. पोहणं चौदा-पंधरा सेकंदांचं, बाकी वेळ काठ धरून थांबायचं. याला २४ मिनिटं लागतात. आधी वॉर्मअप १५ मिनिटं, शेवटी सावकाश पोहणं १० मिनिटं. एकूण ४९. बॅच ४५ मिनिटांची, त्यातच शॉवर घ्यायचा आणि शिट्टी वाजली की बाहेर.

तीन मिनिटं कशाला लागतात? पूर्ण जोराच्या पोहण्याला स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचा, साठा लागतो. तो लहान असतो, आठ-दहा सेकंदांत बराचसा संपतो. अर्ध्या-एक मिनिटात निम्मा भरून येतो, पण जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. वीस सेकंद थांबून पुन्हा सुटलं तर हात फिरतात, वेग येत नाही. तो सराव दमाचा होतो, स्प्रिंटचा राहत नाही.

जीवरक्षक काकांना यातलं काही सांगायची सोय नव्हती. "नुसती थांबायलीस काय? पोह की! मागं लेकरं खोळंबलीत." त्यांचंही बरोबर होतं, माझ्यामागे खरंच रांग लागायची. उन्हाळी सुट्ट्यांत तर पाय ठेवायला जागा नसते. मग मी थांबणं सोडून पोहत राहायचे. काही आठवड्यांत खांदे जड झाले. त्याच अंतराला हात जास्त लागू लागले, पाण्याची पकड सुटली, कोपर खाली पडू लागला. सरांनी घड्याळ दाखवलं आणि स्पर्धक बॅच माग म्हणून सांगितलं.

इथून खरा त्रास सुरू झाला. खिडकीवर सांगितलं, स्पर्धक बॅचसाठी राज्यस्तरावर खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. अहो, राज्यापर्यंत जायचं म्हणूनच तर मला ही बॅच हवी आहे! "ताई, नियम आहे." नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हटलं तर साहेबांना भेटा. साहेब मीटिंगला. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला तर टेबलावरचे बाबू म्हणाले, वैद्यकीय प्रमाणपत्र जुनं आहे, नवीन आणा. नवीन आणलं तोवर पहिला अर्ज सापडेना. दर वेळी कॉलेजचा तास बुडायचा आणि दर वेळी "पुढच्या आठवड्यात या."

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत्ताच सांगते: अर्ज आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच हातात असली की "अर्ज आलाच नाही" म्हणता येत नाही. माझं काम हलायला लागलं ते पोच घेतल्यानंतरच.

दुसरं म्हणजे, अर्जात "सरावासाठी जास्त वेळ मिळावा" असं मोघम लिहू नका. मी नव्या अर्जाला वरचा ४९ मिनिटांचा हिशोब एका पानावर जोडला, खाली सरांची सही. मागणीही छोटी केली: स्वतंत्र बॅच नको, सकाळच्या शेवटच्या बॅचला कडेची एक लेन दोरी लावून द्या आणि १५ मिनिटं वाढवून द्या. साहेबांनी ते पान वाचलं आणि विचारलं, एवढ्याशा थांबण्यानं काय फरक पडतो? मी भारताचा जलतरणपटू वीरधवल खाडे याचं उदाहरण दिलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचं कांस्य ०.०१ सेकंदानं हुकलं. साहेब गप्प झाले आणि टिप्पणी लिहायला सांगितली. फाइल वर गेली, तिथेही रेंगाळली, पण मंजुरी आली. त्या दिवशी मला जेवढं हलकं वाटलं, तेवढं कुठल्या पदकानं वाटलं नव्हतं.

लेन मिळाल्यावर बाकीचं सोपं होतं. जोराचे सेट आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान ४८ तास. ठरलेल्या वेळेच्या मागे सलग दोनदा पडले की सेट तिथेच बंद, हा सरांचा नियम आणि मला तो पूर्ण पटतो. थकल्यावर मारलेले हात चुकीची सवय लावतात. सेटनंतर लगेच बाहेर येऊन बसू नका, ते १० मिनिटांचं सावकाश पोहणं कराच, जोरात पोहताना रक्तात साठणारं लॅक्टेट (ज्याला लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात) त्यानं लवकर उतरतं. तसंही ते तासाभरात मूळ पातळीला येतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचा दोष लॅक्टिक ॲसिडला देतात, तो चुकीचा आहे. ते दुखणं स्नायूंना झालेल्या बारीक इजेचं असतं, एक ते तीन दिवस राहतं, आणि पोहण्यापेक्षा उड्या-स्क्वॉट्सनंतर जास्त येतं. म्हणून जमिनीवरचा जड व्यायाम जोराच्या सेटच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

एक राहिलंच. प्रमाणपत्राला डॉक्टरकडे जाल तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या, मुलींनी तर नक्कीच. रक्त कमी असेल तर कितीही विश्रांती घेतली तरी थकवा जात नाही. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असेल, झोपही नीट लागली नसेल, तर त्या दिवशी जोराचा सेट नको. एप्रिल-मेमध्ये उघड्या तलावाचं पाणी कोमट होतं, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पाण्यात असलो तरी घाम जातो, बाटली काठावर ठेवाच. पावडरींच्या मागे लागायची गरज मला वाटली नाही. सेटनंतर गूळ-शेंगदाणे किंवा केळं, घरी ज्वारीची भाकरी, डाळ, दही, अंडी.

आणि पाणीटंचाई. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथे तलाव भरा म्हणून कुणाला सांगणार? तलाव बंद झाला की रबर बँडवर खांद्यांचे व्यायाम, प्लँक आणि उड्या यांवर मी भागवते. खांदे तयार राहिले तर पाण्यात परतल्यावर दुखत नाहीत.

स्पर्धेआधी दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणलं, वेग तसाच ठेवला. त्या स्पर्धेत माझी ५० मीटरची वेळ पहिल्यांदा ३० सेकंदांच्या आत आली.

परवानगी एकाच हंगामाची असते. ती संपायच्या महिनाभर आधी नवा अर्ज द्या, जुन्या मंजुरीची झेरॉक्स जोडा आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची तारीख बघून घ्या.