आमची वाटचाल : अर्ज भरण्यापासून प्रवेशापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी येथे 2014 साली आम्ही ऑनलाइन अर्ज भरून देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा नोकरभरतीचे फॉर्म आणि निरनिराळ्या दाखल्यांचे अर्ज हेच मुख्य काम होते. बारावीच्या निकालानंतर मुले वडिलांना घेऊन येत आणि "भाऊ, आमाले यातलं काई समजत नाई, तुमीच भरून द्या," एवढे सांगून वडील बाकावर बसून राहत.

2019 पासून एमएचटी-सीईटी (अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी अभ्यासक्रमांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) संगणकावर होऊ लागली आणि आमच्याकडील संगणक सराव परीक्षेसाठीही वापरात आले. मुलांचा अभ्यास असतो, परंतु ज्यांनी माउस क्वचितच हाताळला आहे त्यांचा पहिला अर्धा तास पडद्याशी झटापट करण्यातच जातो. शिवाय वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असल्यामुळे प्रश्न सोडून देण्याची लागलेली सवय ही मुले सीईटीतही पाळतात; वास्तविक सीईटीत गुण वजा होत नाहीत आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो.

मात्र आमच्या भागात प्रवेश गुणांपेक्षा कागदांवर अधिक अडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीचे प्रमाणपत्र) लागते आणि त्यासाठी अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त जातीच्या विद्यार्थ्याला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीय विद्यार्थ्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा (प्रवेश-निर्गम नोंदवहीचा) उतारा मिळतो. गेलेच नसतील तर कोतवाल बुकातील (गावच्या जुन्या नोंदवहीतील) जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळाव्या लागतात. तेथे एका ओळीत 'किसन', दुसरीत 'किसना', आडनाव कुठेच नाही, आणि हा तोच मनुष्य हे वंशावळ व शपथपत्र जोडून समितीला पटवून द्यायचे असते. हे काम निकालानंतर हाती घेऊन वेळेत होत नाही. म्हणूनच आम्ही आता विद्यार्थ्याची फाइल अकरावी विज्ञानातच उघडतो. वैधतेचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत तेव्हाच जातो, तर नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा) व उत्पन्नाचा दाखला यांची मुदत संपत असल्याने ते प्रवेशाच्या वर्षी पुन्हा तपासले जातात.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना आम्ही पालकांना समोर बसवतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते स्वीकारावेच लागते, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाने लिहिले म्हणून पुण्याचे नाव वर टाकणे महागात पडते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांचा विचार अनेकांच्या मनात येतच नाही, याचे आम्हाला आजही आश्चर्य वाटते.

दलालांशी मात्र आमचे कधी जमले नाही. दर हंगामात कोणत्या ना कोणत्या खासगी संस्थेचा प्रतिनिधी येऊन प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देऊ करतो. तो सांगतो ते प्रवेश बहुधा व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे संस्थेने केंद्रीय प्रक्रियेबाहेर स्वतः भरायच्या जागांवरील असतात. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) व ओबीसी प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, परंतु प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तरच. आमच्या सहीने एखाद्या मुलीची ही माफी बुडावी आणि त्याचे कमिशन आम्ही घ्यावे, हे आम्हाला मान्य नाही.

पैशांचे वेळापत्रकही येथे वेगळे आहे. जूनमध्ये बियाण्या-खतात घरातील रोकड संपते आणि नेमकी त्यानंतर प्रवेशाची धावपळ सुरू होते. त्यामुळे आमचे शुल्क दोन हप्त्यांत आहे : पहिला फाइल उघडताना, दुसरा कापूस विकल्यावर. काहींचा दुसरा हप्ता भाव वाढण्याची वाट पाहत मार्चपर्यंत लांबतो. यंदापासून आठवडी बाजाराच्या दिवशी अकरावीच्या पालकांची कागदपत्रे विनाशुल्क तपासून देण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. येताना आजोबांचा कोणताही जुना कागद, फाटका असला तरी, सोबत आणावा.