टारफुल्याची भावकी

सॅन फ्रान्सिस्कोच्या वर पॉइंट रेयेसला समुद्राकाठी नुसतं गवत आणि वारा, त्यात परवा दुपारी ही वीतभर उंचीची फुलं दिसली, पिवळट पांढरी, खालच्या ओठाला तीन फुगे. फोनमधलं अ‍ॅप म्हणालं आउल्स क्लोव्हर, म्हणजे त्रिफिसारिया, आणि खाली बारीक अक्षरात अर्धपरजीवी, म्हणजे थोडं स्वतःचं कमावणारी नि थोडं दुसऱ्या झाडाकडून ओढणारी, कूळ ओरोबँकेसी. अगं बाई, म्हणजे ही तर ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस ओढणाऱ्या आपल्या टारफुल्याची भावकी!

टारफुला म्हटलं की मराठवाड्यातली पावसाळी ज्वारी, कमरेएवढी झालेली, जमिनीत ओल असून मान टाकलेली, आणि बुडाशी ही नाजूक पांढरी फुलं. मला भारी आवडायची. एकदा केसात खोचून बांधावर मिरवत आले तर आज्जी कडाडली, "टाक ते आधी! पिकाच्या मुळावर उठलंय अन् तू डोक्यात माळतीस?" टारफुला वर दिसेस्तोवर खाली व्हायचं ते नुकसान बहुतेक होऊन गेलेलं असतं, तरी फुलं यायच्या आत उपटायचाच, कारण एकदा का बी धरलं की ते धुळीसारखं बारीक बी वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसतं. अमेरिकेतसुद्धा १९५६ साली कॅरोलायनात मक्यात टारफुला सापडला तर सरकार हात धुवून मागे लागलं होतं. आज्जीला हे कळलं असतं तर गावभर सांगत सुटली असती.

इथली ही बया मात्र जरा वेगळी. उन्हात स्वतःचं अन्न स्वतः करते, एकटीसुद्धा जगू शकते, पण शेजारी कुणाचं मूळ लागलं की दिवसभरात त्याला नळी जोडून पाणी प्यायला तयार. गवत असो की आणखी काही, फारशी आवडनिवड नाही. फक्त स्वतःच्या जातीची मुळं सहसा सोडून देते, हे इथल्याच कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या लोकांनी बघून ठेवलंय. भावकी असून भावकीच्या मुळावर उठत नाही! आमच्याकडे हातभर बांधासाठी दोन घरं कोर्टात गेली, आज्जी गेली, तारखा चालूच आहेत.

त्या घरातला चुलतभाऊ तेवढा अजून माझ्याशी बोलतो. म्हणाला, ज्वारी कोण करतंय आता, सगळं सोयाबीन.

मग टारफुला?

असंल की खाली, जातोय कुठं.