तुम्ही विचारलंत म्हणून: तंबू पाण्यापासून इतक्या लांब का?

आमच्या कॅम्पवर दर शनिवारी कुणीतरी विचारतंच. पाठीवरची सॅक खाली ठेवण्याआधीच विचारतं. ‘समुद्रकिनाऱ्यावर कॅम्पिंग म्हणालात ना? मग तंबू सुरूच्या बनात कशाला? समोर एवढी मोठी वाळूची पुळण रिकामी पडलीय.’ मी आजवर याला एका वाक्यात उत्तर देत आले: ‘रात्री भरती येते.’ ते ऐकून लोक समोर बघतात. पाणी पार लांब, दोन-अडीचशे पावलांवर गेलेलं असतं, आणि त्यांना वाटतं बाई उगाच घाबरवतेय. म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते.

शहरातून येणारे सगळे सुट्टी बघून येतात, आणि त्यातही चांदणं बघून. पौर्णिमेला लागून शनिवार आला की फोन वाजायचे थांबत नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावस्येला संध्याकाळी सहा-साडेसहाला पूर्ण ओहोटी असते. म्हणजे तुम्ही पोचता, सूर्यास्ताचे फोटो काढता, तंबूसाठी जागा शोधता, नेमकी तेव्हा पुळण सगळ्यात रुंद दिसते. आणि पूर्ण भरती येते मध्यरात्रीच्या आसपास, तुम्ही गाढ झोपेत असताना. तीही साधी भरती नाही, उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढण्याची. अष्टमीला याच्या उलट असतं. संध्याकाळी सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी, आणि भांगाचे दिवस असल्यामुळे पाण्याची चढउतारही कमी. तेव्हा संध्याकाळी डोळ्यांना जे दिसतं, त्यापेक्षा वर रात्री पाणी येत नाही. चांदण्या रात्री मात्र संध्याकाळचे डोळे साफ फसवतात.

कोळ्यांचा हिशेब सगळ्यांना पाठ असायला हवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघून वेळेचा अंदाज बांधायला एवढं पुरतं. पाणी किती वाजता येणार ते या हिशेबात कळतं. किती वर येणार ते कळत नाही, आणि माझी चूक तिथेच झाली.

दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. आपल्याकडे पावसाळ्यात मोठी भरती दुपारची, हिवाळ्यात मोठी रात्रीची. ६ डिसेंबर २०२५ला, दत्तजयंतीच्या दुसऱ्या रात्री, मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात १२ वाजून ३९ मिनिटांची भरती ५.०३ मीटर होती. त्याच दिवशी दुपारची त्याहून पाऊण मीटरहून अधिक कमी. पाऊण मीटर उंचीला काही वाटत नाही. पण पुळणीचा वरचा भागही पंचवीस पावलांत जेमतेम एक पाऊल चढतो. तिथे हा पाऊण मीटर आडवा पसरला की अठरा-वीस मीटर होतो. त्यावर लाटेची झेप वेगळी. पाणी ज्या उंचीला थांबतं त्याच्या वर प्रत्येक मोठी लाट आणखी काही मीटर पातळ पसरते आणि परत जाते. कॅम्पिंगचा सीझन कधी असतो? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्रीची भरती मोठी असण्याचे महिने नेमके हेच.

आता ती रात्र. जानेवारी, पौष पौर्णिमा उलटून प्रतिपदा लागलेली. अलिबागच्या दक्षिणेची एक सरळ पुळण, चार तंबू, अकरा माणसं, त्यांत तीन मुलं. कुणी निष्काळजीपणा केला नव्हता, हे आधी सांगते. दुपारची भरती किती वर आली ते बघितलं होतं. तिची ओली रेषा साडेतीन वाजता स्पष्ट दिसत होती: शिंपल्यांचा चुरा, काटक्या, बाटल्यांची झाकणं, सगळं ओलं. त्या रेषेपासून बारा मीटर मोजून वर तंबू लावले. खुंट्या नेहमीच्या तारेच्या नव्हत्या, त्या वाळूत धरतच नाहीत. प्रत्येक ताणदोरीला पाच किलोच्या तांदळाची रिकामी पिशवी वाळूने भरून बांधली होती, आणि ती कोपरभर खोल खड्ड्यात आडवी पुरून वर वाळू तुडवून घट्ट केली होती. वाळूत याहून चांगला आधार मला अजूनही माहीत नाही.

पण रेषा दोन होत्या. खालची ओली, ताजी. आणि तिच्या वर वीसेक मीटरवर दुसरी, कोरडी, वाऱ्याने अर्धी बुजलेली. ती मी पाहिली होती आणि पावसाळ्यातली जुनी म्हणून सोडून दिली. ती आदल्या रात्रीची होती. बोट पेराएवढं खुपसलं असतं तर कळलं असतं, कारण दोन्ही रेषांच्या मधली वाळू वरून कोरडी होती पण पेरभर खाली गार आणि ओलसर. त्या पट्ट्यात आदल्या दिवशीच्या पावलांचा एकही ठसा नव्हता, सगळी वाळू पुसून सारखी झालेली. वरच्या रेषेच्या पलीकडे मात्र जुने ठसे, सायकलच्या चाकांच्या खुणा, कुर्ल्यांची बिळं. आणि त्याच्याही वर मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल पुळणीवर जिथून सुरू होते, तिथपर्यंत समुद्र एरवी येत नाही. नावातच सांगितलेलं आहे. आम्ही त्या वेलीच्या अलीकडे झोपलो.

लाटांचा आवाज वाढला म्हणून जाग येते, असं लोक समजतात. तसं होत नाही. आवाज संध्याकाळपासून कानात असतो आणि हळूहळू वाढतो, त्यामुळे झोप मोडत नाही. आधी खालची वाळू बदलते. पाणी चढायला लागलं की वाळूच्या आतली ओलही वर चढते, पाणी तंबूपासून अजून चार-पाच मीटर लांब असतानाच. घट्ट तुडवलेली वाळू खिरीसारखी होते आणि पुरलेल्या पिशव्या धरत नाहीत. सव्वाबाराला समुद्राकडच्या तंबूच्या दोन दोऱ्या सैल पडल्या, फ्लाय, म्हणजे तंबूचं वरचं कापड, आतल्या कापडाला चिकटला, आणि दवाचं सगळं पाणी आतल्या माणसांच्या अंगावर आलं. त्यांना वाटलं दवच आहे. ते कूस बदलून झोपले.

साडेबाराला पहिली लाट तंबूखाली शिरली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, पण परत जाताना तिने कोपऱ्याखालची वाळू नेली आणि तंबू समुद्राकडे कलंडला. दुसरी लाट आत आली. तंबूचा तळ टबासारखा असतो, कडा वीतभर वर शिवलेली, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. तेच पाणी कडेवरून एकदा आत आलं की बाहेर जात नाही. आत आई, वडील आणि सात वर्षांची मुलगी, दोन रजया, सगळं भिजून जड. आणि दाराची चेन उघडेना. दिवसभर मुलं आत-बाहेर करत होती, वाळू दातांत बसलेली, वर खाऱ्या दवाने तिचा लगदा झालेला. बाहेरून मी, आतून ते, दोघांनी जोर लावला आणि चेनचा स्लायडर हातात आला. शेवटी तंबूची मागची बाजू सुरीने फाडली. पाणी तेव्हा गुडघ्याच्याही खाली होतं. कुणाला काही झालं नाही. मुलीला पहिल्यांदा बाहेर घेतलं, तिच्या तोंडात वाळू होती आणि ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

पावणेदोनला पाणी उतरायला लागलं. सकाळी तिथे पुन्हा सपाट पुळण होती.

मी स्वतः त्याआधी कित्येकांना सांगितलेलं आहे की समुद्र उशाशी हवा, नाहीतर घरी झोपा. ते मी मनापासून सांगत होते. माझ्यातल्या त्या बाईशी मी अजून भांडते. ती म्हणते, चूक रेषा वाचण्यात झाली, वाळूवर झोपण्यात नाही. तिचं म्हणणं पूर्ण खोटंही नाही.

तुम्ही म्हणता, आम्ही आळीपाळीने जागे राहू. जेवण, गाणी, दिवसभराचा प्रवास, एक वाजता कोण जागं असतं ते मी पाहिलेलं आहे. तुम्ही म्हणता, शेजारचे पुळणीवर तंबू लावतात. लावतात, आणि बहुतेक रात्री काही होत नाही, कारण बहुतेक रात्री उधाणाच्या नसतात. पुळणीच्या वरच्या अंगाला जो सपाट उंचवटा असतो तो सगळ्यांना आवडतो, पण त्याच्या मागे बहुधा खोलगट पट्टा असतो. मोठं पाणी कडेने त्या खोलगटात शिरतं आणि तुमच्या मागे येऊन उभं राहतं. खाडीच्या मुखाशी तर हे फार लवकर होतं.

कॅरॅव्हॅन घेऊन येणाऱ्यांना मी मुरमाच्या पक्क्या जागेच्या पुढे येऊच देत नाही, त्यावरूनही वाद होतात. ओहोटीची ओली वाळू चालत्या गाडीला डांबरासारखी वाटते. गाडी थांबली की चाकांभोवती पाणी सुटतं आणि ती बसत जाते. साध्या जीपच्या टायरची हवा वीस पौंडांपर्यंत उतरवून, चाकांखाली फळ्या देऊन निघता येतं. पलंग, पाण्याची टाकी, स्वयंपाकघर घेऊन आलेली तीन-साडेतीन टनांची गाडी अशी निघत नाही, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

सुरूचं बन म्हणजे सुख, असंही मी म्हणणार नाही. सुरूची फांदी ठिसूळ असते. वाकलेल्या किंवा वाळक्या फांदीखाली तंबू नको. नारळाखाली तर कधीच नको, झावळ पडायला वारा लागत नाही. सुरूखालच्या सुयांचा थर वाळला की काडीपेटीसारखा पेटतो. म्हणून शेगडी फक्त उघड्या वाळूवर, सुया दोन मीटरपर्यंत झाडून, शेजारी भरलेली बादली ठेवून. संध्याकाळी खारा वारा आत पोचत नाही, डास असतात. मध्यरात्रीनंतर मतलई वारा जमिनीकडून सुटतो, म्हणून दार समुद्राकडे ठेवायचं आणि मागची खिडकी अर्धी उघडी. दोन माणसांच्या श्वासाचं आणि घामाचं पाणी रात्रभरात अर्धा लिटरभर होतं, ते बाहेर जायला वाट हवी. पण झाडाखाली दव निम्म्यानेही पडत नाही, आणि सकाळी फ्लाय वाळायला दुपार होत नाही. चेन रोज रात्री ओल्या फडक्याने पुसायची, आणि एक सुरी उशाशी तंबूच्या खिशात. ही सुरीची अट मी कुणालाच सोडून देत नाही.

आणखी एक कारण आहे. ते ऐकल्यावर मात्र कुणी वाद घालत नाही. ऑलिव्ह रिडले कासविणी नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात, कासवांसाठी नावाजलेल्या वेळास-आंजर्ल्यालाच नाही, बाकीच्या पुळणींवरही. त्यांना लागते भरतीच्या वरची कोरडी, मऊ वाळू. तुम्ही तंबूसाठी निवडता तीच. अंडी दीड-दोन फूट खाली असतात, वरून काही दिसत नाही. पिल्लं बाहेर आली की उजेड जिकडे जास्त तिकडे चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. तुमचा कंदील लावलेला असला की तंबूचा.

तरीही गेल्या महिन्यात वद्य अष्टमीला दोघं आले. तिथी बघून आले होते, तक्ता छापून आणला होता. संध्याकाळी सहाची भरती समोर उभी राहून पाहिली, वरची रेषा शोधली, बोट खुपसून वाळू तपासली. मग मला म्हणाले, आज तरी पुळणीवर झोपू द्या. त्यांच्या हिशेबात मला चूक सापडली नाही. मी नाही म्हटलं. ते रात्री सुरूच्या शेवटच्या झाडापाशी, मर्यादवेलीच्या कडेला चटई टाकून बराच वेळ बसले होते. मी दोनदा उठून पाणी कुठे आहे ते बघून आले. पार लांब होतं.